उतरवलेली दोन वर्षं

क्लेवेर फोयेको कुठल्याही खोलीत शिरला की आधी भिंत शोधायचा. पाठ भिंतीला टेकल्याशिवाय तो बसायचा नाही आणि दार समोर दिसल्याशिवाय जेवायचा नाही. मैदानात ही सवय त्याच्या चांगलीच कामी आली. समोरचा फॉरवर्ड डावीकडे निघाला की क्लेवेरला वाटायचं, हा मेला उजवीकडेच जाणार. हसून हात मिळवायला आला की वाटायचं, पहिल्याच कॉर्नरला कोपर मारणार. दहापैकी आठ वेळा त्याचं खरं निघायचं. प्रेक्षकांनी त्याला ‘कुलूप’ असं नाव ठेवलं आणि वर्तमानपत्रांनीही तेच उचललं.

मैदानाबाहेर मात्र या कुलपाने सगळ्यांचा जीव खाल्ला. कुणी सहज विचारलं, ‘काय रे, शाळा कधी सोडलीस?’ तर हा उलट विचारायचा, ‘कशाला हवंय?’ दिग्ना नावाची चांगली मुलगी सहा वर्षं त्याच्या घरात नांदली, पण लग्नाची नोंद करायला तो कचेरीत म्हणून गेला नाही. कचेरीत कागद दाखवावे लागतात. एकदा तिने हौसेने केक आणला, वर मेणबत्त्या लावल्या. हा दारातच थबकला, एकेक मेणबत्ती मोजली आणि म्हणाला, ‘पंचवीस? पंचवीसच का? तुला कोण काय बोललं?’ त्या बिचारीने त्याच्या ओळखपत्रावर वाचलं होतं. केक तसाच राहिला.

कारण साधं होतं. क्लेवेरच्या कागदावरची दोन वर्षं खोटी होती. म्हणजे, उतरवलेली होती.

चोटाच्या खोऱ्यात याचं कुणाला नवल नाही. आमच्याकडे ऊस, टोमॅटो, तुरी आणि फुटबॉलपटू, एवढंच पिकतं, आणि त्यातलं शेवटचं पीक कोवळं असतानाच विकलं जातं. मोठ्या क्लबांना पंधरा-सोळाचं पोर लागतं. अठरा झालेल्या पोराने मग उसात उतरावं. त्यामुळे पोरांची वर्षं उतरवून देणारी माणसं खोऱ्यात फिरायची. अमक्याची तीन उतरवली, तमक्याची चार. मास्कारिया गावच्या एकाची तर एवढी उतरवली की तो आपल्या धाकट्या भावापेक्षा लहान झाला आणि घरात भावाला दादा म्हणायची पाळी आली. लोक हसायचे, पण बाहेरच्या माणसासमोर ताकास तूर लागू द्यायचे नाहीत.

क्लेवेरची वर्षं उतरवली वॉशिंग्टन प्रोआन्योने. हा माणूस पांढरा शर्ट घालून, गाडीची काच अर्धी खाली करून पोरांचे सामने बघायचा. दोन हजार सालच्या उन्हाळ्यात तो कार्पुएला गावात सोइलाबाईंच्या दारात आला. सोइला म्हणजे क्लेवेरची आई. नवरा उसाच्या ट्रकखाली गेल्यापासून डोक्यावर टोपली घेऊन इबार्रा शहराच्या बाजारात तुरी आणि अवाकाडो विकणारी. प्रोआन्योने क्लेवेरला बाहेर पिटाळलं. क्लेवेर मातीच्या भिंतीला कान लावून उभा राहिला.

‘पोरगं हाडापेराने मजबूत आहे,’ प्रोआन्यो म्हणत होता. ‘पण सतरा म्हणजे फार झाली हो.’

‘सतरा कोण म्हणालं?’ आईने विचारलं.

‘तोच म्हणाला. मावसभावाच्या वर्गातला ना? तो भाऊ सतराचा आहे. घाबरू नका, मी पंधराचा करून देतो. कचेरीत माझी माणसं आहेत.’

आत पत्र्याचा डबा उघडल्याचा आवाज झाला. त्यानंतर क्लेवेरला भिंतीपलीकडे फक्त कोंबड्यांचा आवाज येत होता. मग आई म्हणाली, ‘डुक्कर घेऊन जा.’

एवढंच. प्रोआन्यो डुक्कर आणि पत्र्याच्या डब्यातला जन्माचा कागद घेऊन गेला. पंधरा दिवसांनी नवा कोरा, शिक्का मारलेला कागद घेऊन आला आणि क्लेवेरच्या खांद्यावर थाप मारून म्हणाला, ‘आजपासून तू पंधराचा. एकोणीसशे पंच्याऐंशी. झोपेत विचारलं तरी हेच सांगायचं. जन्मभर.’

क्लेवेरने ते इतकं मनावर घेतलं की त्याच संध्याकाळी आईला दरडावलं, ‘या घरात वयाचा विषय नाही. कधीच नाही.’ आईने त्याच्याकडे पाहिलं, मान हलवली आणि भाताखालचा जाळ कमी केला.

इबार्राच्या क्लबात तो तीन वर्षं खेळला, मग राजधानीतल्या पहिल्या श्रेणीच्या क्लबाने त्याला कीतोला नेलं. खेळ चांगला, पाय लांब, डोकं शांत. प्रशिक्षक म्हणायचे, ‘वयाच्या मानाने फार समज आहे या पोराला.’ बाकीच्यांना हे कौतुक वाटलं असतं. क्लेवेरला त्यात खोच दिसायची. वयाच्या मानाने, म्हणजे काय? याला कळलं की काय? मग पुढच्या सामन्यात तो मुद्दाम एखादी पोरकट चूक करायचा, उगाच अंगावर धावून जायचा, पिवळं कार्ड घ्यायचा. त्याच्या नावावरची निम्मी पिवळी कार्डं अशी वय लपवायला घेतलेली आहेत. वर्तमानपत्रवाल्यांना ते कधी कळलं नाही.

दोन हजार नऊच्या जानेवारीत चिलीहून मागणी आली. मोठा क्लब, चौपट पगार, तीन वर्षांचा करार. त्यांचा माणूस कीतोत तीन सामने बघून गेला आणि म्हणाला, ‘चोवीस वर्षांचा सेंटर बॅक, हाच हवा. फेब्रुवारीअखेर सह्या करू. जन्माचा, शाळेचा, बाप्तिस्म्याचा, सगळे कागद तेवढे तयार ठेवा, आमचे वकील तपासतील.’

‘शाळेचा’ हा शब्द ऐकून क्लेवेर दोन रात्री झोपला नाही. शाळेच्या पटावर तो होल्गेरच्या शेजारी होता. होल्गेर, मावसभाऊ, एका बाकावरचा. तो सव्वीसचा, तर हा चोवीसचा कसा?

तरीही तो कदाचित गेला असता. सह्या करायचं त्याने मनाशी नव्वद टक्के ठरवलं होतं. पण मध्ये कार्निव्हल आला.

कार्निव्हलला खोऱ्यातला माणूस जगाच्या पाठीवर कुठेही असो, नदीकाठी येतो. बोंबा नावाच्या नाचाचा ढोल वाजत होता, बायका डोक्यावर बाटली तोलून नाचत होत्या, आणि इबार्राच्या रेडिओचा एक वार्ताहर गळ्यात यंत्र अडकवून क्लेवेरच्या मागे मागे फिरत होता, चिलीचं काय झालं म्हणून. क्लेवेर उसाच्या दारूला न शिवता एका भिंतीला पाठ लावून उभा होता. तेवढ्यात होल्गेर आला. होल्गेर म्हणजे मोकळाढाकळा गडी. टोमॅटोची पिकअप चालवायचा, जोरात हसायचा, आणि त्या दिवशी त्याला चांगलीच चढली होती.

‘अहो रेडिओ!’ त्याने वार्ताहराला हाक मारली. ‘हे कुलूप आणि मी एका बाकावर बसायचो. मास्तरांनी एकाच छडीने दोघांना फोडलंय. आता मी झालो सव्वीस आणि हा अजून चोवीसच! कीतोला काय रे भावा, फ्रीजमध्ये ठेवतात का तुला?’

सगळे खो खो हसले. वार्ताहरही हसला. क्लेवेर तेवढा हसला नाही. त्याने पाहिलं, वार्ताहराचा अंगठा यंत्राच्या बटणावर होता. याला कुणी पाठवलंय? हे दोघं आधी भेटलेत का? होल्गेरला दारू कुणी पाजली? एवढे सगळे प्रश्न त्याच्या डोक्यात एकाच वेळी उठले आणि त्याने भरल्या घोळक्यात होल्गेरच्या तोंडावर बुक्की मारली.

होल्गेरचा पुढचा दात पडला. तो खाली बसला, हातावरचं रक्त बघितलं आणि म्हणाला, ‘लेका, गंमत करत होतो रे.’

‘पुन्हा माझ्या वाटेला जाऊ नकोस,’ क्लेवेर म्हणाला.

रेडिओवर काहीच आलं नाही. यंत्र बंदच होतं म्हणे. पण क्लेवेरने चिलीला कळवून टाकलं की तो येत नाही. कारण दिलं नाही. क्लबचा अध्यक्ष डोकं धरून बसला. दिग्नाने सामान बांधूनही ठेवलं होतं. ते तिने सोडलं, आणि वर्षभराने पुन्हा बांधलं ते एकटीचं.

पुढची पाच वर्षं तो खेळला, पण गंजत गंजत. खोऱ्यातली दोन पोरं खोट्या कागदांपायी पकडली गेली, दोन-दोन वर्षं घरी बसली. प्रत्येक बातमीबरोबर क्लेवेरचा संशय वाढत गेला. डॉक्टरने गुडघ्याचा एक्स-रे काढला तर, ‘हाडावरून वय कळतं का हो?’ शेजारच्या लॉकरचा नवीन पोरगा फार प्रश्न विचारतो म्हणून त्याने लॉकर बदलून घेतलं. होल्गेर कधी बाजारात दिसला तर क्लेवेर रस्ता ओलांडायचा.

दोन हजार चौदाच्या मार्चमध्ये फुटबॉल महासंघाचं पत्र आलं. ‘आपल्या जन्मनोंदीची पडताळणी करावयाची असल्याने अमुक तारखेला कागदपत्रांसह उपस्थित राहावे.’ क्लेवेरने पत्र चार वेळा वाचलं. पत्र कुणालाही न दाखवता घडी करून बुटात ठेवलं. दुसऱ्या कुणाला आलंय का, असं त्याने विचारलं असतं तर सगळा उलगडा झाला असता. पण विचारायचं म्हणजे कबुली दिल्यासारखंच, असं त्याला वाटलं. हे होल्गेरचंच काम. पाच वर्षं दाताचा डूख धरून बसला आणि आता चावला.

क्लब त्याला कप्तान करणार होता, आणि वर दोन वर्षांचा करार, नंतर पोरांना शिकवायची नोकरी. क्लेवेरने गुडघ्याचं निमित्त सांगून राजीनामा दिला, तारखेला हजर झाला नाही, आणि बॅगा घेऊन कार्पुएलाला आईच्या घरी येऊन पडला. पकडले जाण्याआधी निघून जावं, म्हणजे निदान नावाला काळं लागणार नाही, असा त्याचा हिशेब. लोक विचारायचे, ‘काय रे कुलपा, एवढ्या लवकर?’ तो म्हणायचा, ‘गुडघा.’

मे महिन्यात एका सकाळी तो अंगणात बसला होता. आई अवाकाडोच्या झाडाखाली तुरीच्या शेंगा सोलत होती. रस्त्यावर पिकअप थांबली. होल्गेरची. मागून एक चष्मा लावलेली वकीलबाई आणि फाईलवाला माणूस उतरले. होल्गेरने घराकडे बोट दाखवलं आणि गाडीतच बसून राहिला.

क्लेवेरचं रक्त उसळलं. स्वतः गाडीत घालून घेऊन आला मेला! पण होल्गेरशी नंतर बघून घेता येईल, आता आईला सांभाळायचं होतं. तो वाकून तिच्या कानाशी पुटपुटला, ‘आई, काही बोलू नकोस. तुला काही आठवत नाही म्हण.’

‘काय आठवत नाही?’ आई मोठ्याने म्हणाली.

तोवर वकीलबाई आल्याच. ‘नमस्कार, सोइलाबाई. आम्ही महासंघाकडून आलोय. तुमचा मुलगा पडताळणीला आला नाही, म्हणून आम्हीच आलो. घर विचारलं तर या पिकअपवाल्याने आणून सोडलं.’

‘त्याचा गुडघा दुखतो,’ आई म्हणाली. ‘बसा. त्या बाकाचा पाय हलतो, तिकडे नको.’

‘फक्त एक विचारायचंय. क्लेवेर कधी जन्मला?’

क्लेवेरने डोळे मिटले. पेनल्टीच्या वेळी गोलकीपर कसा उभा राहत असेल, ते त्याला त्या क्षणी कळलं.

‘पंच्याऐंशीला,’ आई म्हणाली. हातातली शेंगसुद्धा तिने खाली ठेवली नाही. ‘पोप देशात आले होते त्याच आठवड्यात. सगळा गाव ट्रकात बसून कीतोला गेला. मी नऊ महिन्यांची पोटुशी, मला कोण नेतंय! मी रडले तीन दिवस, आणि चौथ्या दिवशी हा झाला. सुईण माझी बहीण, या होल्गेरची आई. ती गेली नव्हती. तिने मला आयुष्यभर ऐकवलं, तुझ्यापायी माझा पोप चुकला म्हणून. जा, विचारा तिला.’

फाईलवाल्याने वकीलबाईंकडे पाहिलं. ‘चर्चच्या वहीतही हेच आहे,’ तो म्हणाला. ‘तारीखसुद्धा जुळते.’

‘मग यात काहीच नाही,’ वकीलबाई म्हणाल्या, आणि क्लेवेरकडे वळल्या. ‘साहेब, हे पत्र देशातल्या प्रत्येक खेळाडूला गेलं होतं. सगळे येऊन गेले. तुम्ही एकटेच आला नाहीत. आम्हाला शंका आली ती तुमच्या न येण्यामुळे. तुमची नोंद स्वच्छ आहे. खेळा की खुशाल.’

‘माझ्या जागी दुसरा घेतलाय त्यांनी,’ क्लेवेर म्हणाला. पण आतून तो हरखला होता. आईने दिलेल्या ताटलीतले भाजलेले मक्याचे दाणे खाऊन ते दोघे गेले. पिकअप चढावाला लागली तशी क्लेवेरने आईला उचलूनच घेतलं. शेंगा अंगणभर सांडल्या.

‘आई! तुझ्यासारखी खोटारडी अख्ख्या खोऱ्यात नाही! पोप! पोप कुठून सुचला तुला? आणि प्रोआन्योने चर्चची वहीसुद्धा बदलून घेतली होती? मानलं त्याला!’

‘खाली ठेव मला,’ आई म्हणाली. खाली ठेवल्यावर तिने झगा सारखा केला. ‘खोटं कोण बोललं?’

‘अगं, गेले आता ते.’

‘मी विचारते, खोटं कोण बोललं? पोप आले होते. तू झालास. यात खोटं काय?’

क्लेवेर हसत होता. हसू ओठांवर तसंच राहिलं आणि मागचं सगळं ओसरून गेलं. ‘मी होल्गेरच्या वर्गात होतो,’ तो म्हणाला.

‘होतास ना. मी बाजारात जायचे, तुला ठेवणार कुणाकडे? साडेचार वर्षांचा होतास, पण अंगाने सहाचा दिसायचास. मास्तरांना म्हटलं, बसू द्या मागे, रडणार नाही. तू रडला नाहीस. तो तुझ्याहून दोन वर्षांनी मोठा आहे. तुला तुझं वय माहीत नाही?’

‘आणि प्रोआन्यो? डुक्कर?’

आई खाली बसून शेंगा गोळा करू लागली. ‘त्याने कागद उघडला. पंच्याऐंशी वाचलं. माझ्याकडे बघितलं. मीही त्याच्याकडे बघितलं. तो काही बोलला नाही, मीही नाही. मी म्हटलं असतं, अहो, हा पंधराचाच आहे, तर त्याने आणखी दोन उतरवून तेराचा केला असता, आणि तू कधी ना कधी पकडला गेला असतास. आणि डुक्कर दिलं नसतं तर त्याने तुला नेलं असतं का? डुक्कर दिल्याशिवाय कुणाचं पोर नेलंय त्याने? त्याने डुक्कर नेलं, कागदाची नक्कल आणून दिली. संपलं.’

‘मग मला सांगितलं का नाहीस?’ क्लेवेरचा आवाज चिरकला. ‘चौदा वर्षं!’

‘तूच म्हणालास ना, घरात वयाचा विषय नाही? मला वाटलं, डुकराची लाज वाटते तुला. दोनदा काढला विषय, दोनदा उठून गेलास.’

क्लेवेर भिंत न शोधता, अंगणाच्या मधोमध, मातीतच बसला. एक गुन्हा, जो कुणी केलाच नव्हता, तो चौदा वर्षं त्याने एकट्याने लपवला होता. दिग्नाच्या मेणबत्त्या बरोबर होत्या. होल्गेरने मारलेला टोमणा गंमतच होती, आणि दात खरा पडला होता. त्याला रडू येत होतं आणि स्वतःचा इतका राग येत होता की मुठी उघडत नव्हत्या.

‘म्हणजे चिलीची मागणी आली तेव्हा मी चोवीसचाच होतो,’ तो म्हणाला.

आईचे हात थांबले. ‘चिलीचा आणि वयाचा काय संबंध?’

त्याने मुठीने पुढ्यातली एक शेंग मातीत दाबली.

‘चिलीला तू माझ्यासाठी गेला नाहीस,’ आई म्हणाली, हळू आवाजात. ‘आई एकटी पडेल म्हणून. बाजारात मी सगळ्यांना तेच सांगते. इबार्राच्या बायका म्हणतात, सोइला, पोर असावं तर असं. पाच वर्षं मी मान वर करून टोपली वाहते ती त्या एका गोष्टीवर.’ ती थांबली. तिने त्याच्याकडे पाहिलं, व्यापाऱ्याच्या तराजूकडे पाहायची तशी, बारीक डोळे करून. ‘त्यासाठीच ना रे?’

क्लेवेर फोयेकोला कुणीही काहीही विचारलं की तो आधी उलट विचारायचा, कशाला हवंय? आज त्याने विचारलं नाही.

‘त्यासाठीच,’ तो म्हणाला. ‘दुसरं काय असणार?’

आईने आणखी एक क्षण त्याच्याकडे पाहिलं. तिच्या नजरेतून आजवर एकही खोटं वजन सुटलं नव्हतं. मग तिने नजर खाली वळवली आणि त्याच्यासमोर मूठभर शेंगा ठेवल्या.

‘सोल,’ ती म्हणाली. ‘आणि भात शिजेपर्यंत होल्गेरला जेवायला बोलावून आण.’